‘डूम’चे चाहतेकृत नकाशे : प्रसिद्धी आणि परवाना

कोणत्याही कलाप्रकाराचा इतिहास लिहिताना ‘पहिला कोण’ हा प्रश्न अभ्यासकास चुकवता येत नाही, आणि बहुधा या प्रश्नाचे उत्तर आपण कोणते माप लावतो यावरच अवलंबून असते. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात ज्यास ‘मॉड’ म्हणतात, म्हणजे मूळ कर्त्याच्या खेळात खेळाडूंनीच केलेला बदल किंवा घातलेली भर, त्याच्या बाबतीतही हेच घडले आहे. सामान्यतः पहिल्या मॉडचा मान १९८३ मधील ‘कॅसल स्मर्फेनस्टाइन’ या कृतीस दिला जातो. म्यूज सॉफ्टवेअर या संस्थेने १९८१ मध्ये अॅपल २ या संगणकासाठी ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ हा खेळ प्रसिद्ध केला होता. त्यातील जर्मन सैनिक काढून त्यांच्या जागी लहान मुलांच्या चित्रकथेतील निळे स्मर्फ बसविण्याचा हा विनोदी उद्योग होता. परंतु त्याच्यामागे मूळ प्रकाशकाची अनुज्ञा नव्हती आणि इतरांनी ही कृती कोणत्या अटींवर वापरावी याचीही काही व्यवस्था नव्हती. बदल करणे, तो लोकांपुढे ठेवणे, आणि तो ठेवण्याचा अधिकार कोणी, कोणाला, कोणत्या अटींवर दिला हे निश्चित होणे, या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय मॉडच्या प्रकाशनाचा इतिहास सुरू होतो असे म्हणता येणार नाही. हे माप लावले तर १९८३ हे वर्ष मागे पडते आणि लक्ष १९९४ कडे वळते. तथापि त्यापूर्वीचा एक प्रसंग वगळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

हा प्रसंग नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या काळातला आहे. डग मॅक्रे आणि केविन करन हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील विद्यार्थी तेथील वसतिगृहांतून अशी यंत्रे चालवीत. अटारी कंपनीचे ‘मिसाइल कमांड’ हे यंत्र आरंभी चांगले उत्पन्न देई. पण विद्यार्थी त्या खेळात तरबेज झाले, एका नाण्यात फार वेळ खेळू लागले, आणि उत्पन्न घटले. नवे यंत्र घ्यावयाचे तर खर्च मोठा. तेव्हा जुन्या यंत्राच्या पटलावर बसविता येईल असा एक जोडसंच त्यांनी जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या आपल्या कंपनीमार्फत तयार केला, त्याला ‘सुपर मिसाइल अॅटॅक’ असे नाव दिले आणि १९८१ मध्ये तो जाहिरात करून विकावयास काढला. अटारीने त्यांच्यावर दावा लावला. या दाव्याचा शेवट निवाड्याने न होता तडजोडीने झाला. अटारीने या तरुणांनाच दरमहा ५०,००० डॉलर देऊन दोन वर्षांसाठी खेळ रचण्याच्या कामावर घेतले आणि त्यांच्याकडून असे कबूल करून घेतले की, मूळ उत्पादकाच्या संमतीवाचून ते यापुढे असे जोडसंच काढणार नाहीत. कोणता उत्पादक अशी संमती देणार, असा अटारीचा अंदाज असावा. तो चुकला. ‘पॅक-मॅन’ या खेळावर बेतलेला ‘क्रेझी ऑटो’ नावाचा दुसरा जोडसंच याच तरुणांच्या हाती अर्धवट तयार होता. तो घेऊन ते नामको या जपानी कंपनीची अमेरिकेतील परवानाधारक जी मिडवे, तिच्याकडे गेले. मिडवेला पॅक-मॅनच्या पुढच्या अवताराची निकड होतीच. १९८२ मध्ये ‘मिस पॅक-मॅन’ हा खेळ बाजारात आला आणि अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या यंत्रांत त्याची गणना झाली.

या व्यवहारात अनुज्ञा आहे, प्रसिद्धी आहे, मोबदलाही आहे. मग पहिलेपणाचा मान यास का देऊ नये? कारण येथे खेळाडू आणि कर्ता यांच्यामध्ये एका व्यापाऱ्याची बुद्धी उभी आहे. संच खेळाडूसाठी नव्हता, यंत्राच्या मालकासाठी होता. या प्रकरणाचे महत्त्व वेगळेच आहे. ‘मूळ उत्पादकाच्या संमतीने’ हे दोन-तीन शब्द तडजोडीच्या कागदात आले आणि निषेधाच्या वाक्यातच परवान्याची वाट राहिली. १९८३ मध्ये सातव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने मिडवे विरुद्ध आर्टिक या दाव्यात ‘गॅलॅक्सियन’ या खेळाचा वेग वाढविणारे पटल विकणे म्हणजे मूळ कृतीवरून साधित कृती निर्माण करणे होय, असा निर्णय दिला. त्यानंतर विनासंमती जोडसंचांचा धंदा उघडपणे करणे धोक्याचे झाले.

खऱ्या अर्थाने चाहत्यांच्या हातात हा विषय आला तो घरगुती संगणकावर. टेक्ससमधील इड सॉफ्टवेअर या लहानशा संस्थेने मे १९९२ मध्ये ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ प्रसिद्ध केला. त्याची रचना इतरांनी बदलावी अशा हेतूने केलेली नव्हती. तरीही काही खेळाडूंनी त्याच्या फाइलींची घडण स्वतः शोधून काढली आणि नवे नकाशे रचणारी साधने तयार केली. संस्थेचे प्रमुख आज्ञावलीकार जॉन कारमॅक यांना यात उपद्रव दिसला नाही. पुढचा खेळ रचताना त्यांनी जो निर्णय घेतला तो तांत्रिक दिसला तरी परिणामाने कायदेशीर होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावरून प्रसिद्ध झालेल्या ‘डूम’ या खेळात आज्ञावली एका फाइलीत आणि नकाशे, चित्रे, ध्वनी ही सर्व सामग्री दुसऱ्या फाइलीत ठेवली होती. या दुसऱ्या फाइलीस ‘वॅड’ असे नाव दिले गेले. मूळ वॅड जशीच्या तशी ठेवून तिच्या जोडीला खेळाडूने रचलेली एक लहान वॅड उघडावी, म्हणजे खेळ तेवढ्यापुरते मूळ सामग्रीऐवजी नवी सामग्री वापरी. या लहान फाइलीसाठी इंग्रजीत जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थ ‘ठिगळ’ असाच होतो. ठिगळात मूळ वस्त्राचा एकही धागा असण्याचे कारण नव्हते. यापूर्वीच्या बदलांत मूळ खेळाचीच प्रत बदलावी लागे, आणि ती बदललेली प्रत दुसऱ्यास देणे म्हणजे मूळ कृतीची नक्कल वाटणे होई. आता केवळ स्वतःचे काम वाटता येऊ लागले. संस्थेतील व्यवहार पाहणाऱ्यांना या मोकळिकीविषयी शंका होत्या, आणि त्या अगदीच निराधार नव्हत्या.

या शंकांचे निरसन कराराच्या कागदाने झाले नाही. ते आज्ञावलीच्या आत झाले. ‘डूम’चा पहिला, नऊ नकाशांचा भाग विनामूल्य वाटला जात असे आणि उरलेले दोन भाग पैसे भरून नोंदणी करणाऱ्यास मिळत. विनामूल्य प्रतीबरोबर बाहेरची वॅड उघडण्याचा प्रयत्न केला तर खेळ सुरूच होत नसे. नोंदणी करा, एवढी सूचना देऊन तो थांबे. एखाद्याने विनामूल्य प्रतीलाच नोंदणीकृत प्रतीचे सोंग दिले तर? तेही ताडण्याची सोय होती. केवळ विकत मिळणाऱ्या भागांतच असणाऱ्या २३ घटकांची नावे आज्ञावलीत नोंदली होती : दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांतील अठरा नकाशे आणि काही चित्रे. त्यांतील एक जरी सापडला नाही तरी ही नोंदणीकृत प्रत नव्हे असे सांगून खेळ बंद पडे. सर्व ठीक असल्यास पडद्यावर एक निवेदन येई. या खेळात बदल केलेला आहे, मूळ खेळ हवा असल्यास अमुक क्रमांकावर मागवावा, आणि बदललेल्या खेळाबाबत कोणतेही साहाय्य मिळणार नाही, असा त्याचा आशय होता. ते वाचून कळ दाबल्याशिवाय पुढे जाता येत नसे. या तीन लहान तुकड्यांत परवान्याची सर्व अंगे आलेली आहेत : बदल करण्यास मुभा आहे, परंतु ती मूळ खेळ विकत घेणाऱ्यासच आहे, आणि बदलाची जबाबदारी बदलणाऱ्याची आहे. वकिलाने चार पृष्ठांत जे लिहिले असते ते येथे खेळाडूला न सांगता पाळावयास लावले गेले. कायद्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाने अशा पुराव्याकडे केवळ तंत्राची बाब म्हणून दुर्लक्ष करू नये.

खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा नकाशे रचण्याचे साधन संस्थेने बाहेर दिले नव्हते. तिचे स्वतःचे साधन नेक्स्ट या महागड्या संगणकावर चालत असे. ती उणीव चाहत्यांनी भरून काढली. १९९४ च्या प्रारंभी न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने ‘डूम एडिटिंग युटिलिटी’ हे साधन प्रसिद्ध केले. पुढे बेल्जियममधील एका सहकाऱ्याने ते वाढविले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जो नकाशा जालावर आला, त्यास ‘डूम’चा पहिला चाहतेकृत नकाशा मानले जाते. दोन खोल्या आणि मध्ये एक दार, एवढाच त्याचा विस्तार. कलाकृती म्हणून त्यात पाहण्यासारखे काही नाही. पण हजारो नकाशांची मालिका ज्या दारातून सुरू झाली ते हेच दार. अशी साधने रचणाऱ्यांसाठी इड संस्थेने लेखी अटीही घातल्या. विनामूल्य प्रतीवर चालतील असे बदल या साधनांनी करू नयेत, आणि ही साधने इड संस्थेची नाहीत व ती संस्था त्यांविषयी साहाय्य करणार नाही हे स्पष्ट लिहावे, हा त्यांचा गाभा होता. आज्ञावलीत जे आधीच होते त्याचाच हा शब्दानुवाद आहे.

वरून आलेल्या या परवान्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, लक्षणीय असा एक परवाना खालून तयार झाला. चाहत्यांनी आपल्या प्रत्येक वॅडबरोबर साध्या मजकुराची एक फाइल जोडण्याचा प्रघात पाडला. तिचा नमुना ठरून गेला होता. कृतीचे नाव, कर्त्याचे नाव, वर्णन, एकट्याने खेळावयाचे की अनेकांनी, रचण्यास किती वेळ लागला, कोणते साधन वापरले, कोणते दोष ठाऊक आहेत, असे रकाने तिच्यात असत. तिच्या शेवटाकडे स्वामित्वहक्क आणि अनुज्ञा यांचा एक रकाना असे. तेथे कर्ता दोन गोष्टी सांगे. पहिली, हा नकाशा आधारास घेऊन इतरांनी नवे नकाशे रचावेत की रचू नयेत. नमुन्यातील दोन पर्यायांपैकी एक ठेवून दुसरा खोडावयाचा असे. दुसरी, ही फाइल न बदलता सोबत ठेवल्यास वॅड कोणत्याही माध्यमातून वाटण्यास हरकत नाही. ज्यांना कायद्याचे शिक्षण नव्हते, ज्यांतील कित्येक शाळकरी वयाचे होते, अशा लोकांनी ग्रंथमुद्रेचा हा प्रकार आपापसांत रूढ केला, आणि नकाशे साठविणाऱ्या सार्वजनिक संग्रहाने तो जवळजवळ अनिवार्य केला.

यात एक विसंगती आहे आणि ती दडविण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या खेळावर आपला नकाशा उभा करणारा कर्ता स्वतःच्या नकाशावर तिसऱ्याने काही उभारू नये असे बजावीत होता. परंतु अशी वृत्ती नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि त्यात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये असा कडक इशारा शेवटी नोंदविला. ज्ञानेश्वरी हीच मुळात गीतेवरची टीका. तरी तिच्या पाठाची अखंडता जपावीशी वाटणे यात कोणास वावगे वाटत नाही. आधार घेणे आणि मूळ बिघडविणे यांत लोक फरक करतात, कायद्याने तो केला असो वा नसो. ‘डूम’च्या चाहत्यांचा तो लहानसा रकाना हाच फरक सांगत होता.

पैशाचा प्रश्न उठण्यास वर्षही लागले नाही. जालावर विनामूल्य ठेवलेले नकाशे गोळा करून ते सीडीवर भरून विकणारे व्यापारी पुढे आले. विझार्डवर्क्स या कंपनीचा ‘डी-झोन’ हा संग्रह त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्यात शेकडो नकाशे होते. जालाची जोडणी तेव्हा थोड्यांकडेच असल्याने अशा संग्रहांना गिऱ्हाईक मिळाले. कर्त्यांना काहीच मिळाले नाही. अनेकांना तर आपले काम दुकानात विकले जात आहे हे नंतर कळले. डिसेंबर १९९५ मध्ये इड संस्थेने स्वतःच ‘मास्टर लेव्हल्स’ नावाने सीडी काढली. तिच्यातील मोजके नकाशे निवडक चाहत्यांकडून मोबदला देऊन करून घेतलेले होते. मात्र त्याच सीडीवर जालावरून जमविलेले हजाराहून अधिक नकाशेही भरलेले होते. ज्या व्यवहाराविरुद्ध ही सीडी निघाली तोच व्यवहार तिच्या पोटात होता, हे नमूद केलेच पाहिजे.

त्या मानाने ‘टीम टीएनटी’ या चाहत्यांच्या गटाची कथा अधिक स्वच्छ आहे, आणि अधिक बोचरीही. जालावरच परिचय झालेल्या या मंडळींनी मिळून ३२ नकाशांचा ‘इव्हिल्यूशन’ हा संच रचला आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये तो विनामूल्य देण्याचे जाहीर केले. चाहते वाट पाहत होते. प्रसिद्धीच्या अगदी उंबरठ्यावर इड संस्थेने तो विकत घेण्याची तयारी दर्शविली आणि गटाने ती स्वीकारली. गटातील दारिओ आणि मायलो कसाली या बंधूंकडून आणखी ३२ नकाशे करून घेण्यात आले, आणि जून १९९६ मध्ये हे दोन्ही संच मिळून ‘फायनल डूम’ या नावाने दुकानात आले. चाहत्यांनी रचलेली संपूर्ण कृती, मूळ हक्कधारकाने रीतसर हक्क घेऊन, कर्त्यांना मोबदला देऊन, स्वतंत्र उत्पादन म्हणून प्रसिद्ध केली, अशी ही घटना आहे. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी येथे निःसंदिग्धपणे एकत्र येतात. तरीही चाहत्यांच्या मोठ्या वर्गाने तिचे स्वागत केले नाही. जे आपणांस भेट म्हणून मिळावयाचे होते ते आता विकत घ्यावे लागणार, असा त्यांचा रोष होता. गटावर त्यांनी केलेला विश्वासघाताचा आरोप न्याय्य वाटत नाही. काम गटाचे होते, शब्द फिरविण्याचा दोष फार तर त्याच्याकडे जातो. परंतु रोषामागचे कारण समजण्यासारखे आहे. विनामूल्य वाटपाची अट हक्कधारकाने घातलेली होती, चाहत्यांनी मात्र ती आपल्या आचाराची मर्यादा म्हणून मनाने स्वीकारली होती.

हीच अट न्यायालयापुढे आली ती दुसऱ्या एका खेळाच्या निमित्ताने. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ बरोबर नकाशे रचण्याचे साधन खेळाडूंना दिलेले होते, आणि रचलेले नकाशे इतरांना केवळ विनामूल्य द्यावेत असे परवान्यात लिहिले होते. मायक्रो स्टार या कंपनीने असे ३०० नकाशे जालावरून उतरवून ‘न्यूक इट’ नावाने सीडीवर विकले. दावा आधी मायक्रो स्टारनेच केला. आपण कोणाच्या हक्काचा भंग करीत नाही असे घोषित करून मिळावे, ही तिची मागणी होती. प्रकाशक फॉर्मजेनने प्रतिदावा केला. कनिष्ठ न्यायालयाने वेष्टनावरील चित्रांपुरता मनाई हुकूम दिला, नकाशांबाबत दिला नाही. नवव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने ११ सप्टेंबर १९९८ रोजी नकाशांबाबतचा तो निर्णय फिरविला.

न्यायमूर्ती अॅलेक्स कोझिन्स्की यांचे निकालपत्र मुळातून वाचण्यासारखे आहे. मायक्रो स्टारचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. नकाशाच्या फाइलीत एकही चित्र नसते. अमुक जागी भिंत, अमुक जागी शत्रू, एवढ्या सूचनाच असतात, आणि चित्रे खेळाडूच्या स्वतःच्या प्रतीतून येतात. मग मूळ कृतीचे काय घेतले? शिवाय १९९२ मध्ये याच न्यायालयाने निनटेंडोच्या यंत्राला जोडावयाच्या ‘गेम जीनी’ या उपकरणास साधित कृती मानण्याचे नाकारले होते. न्यायालयाने उत्तर दिले की, ते उपकरण कोणतीही कायम स्वरूपाची कृती निर्माण करीत नव्हते. नकाशाची फाइल मात्र पडद्यावर काय दिसावे याचे तपशीलवार वर्णन कायमचे नोंदवून ठेवते. आणि जे दिसते ती ड्यूकचीच पुढची गोष्ट असते. गोष्टीचा पुढचा भाग लिहिण्याचा अधिकार मूळ कर्त्याचा. याच फाइली वापरून एखाद्या निराळ्या खेळात निराळ्याच पात्राची गोष्ट सांगता आली असती तर प्रश्न वेगळा होता, असेही न्यायमूर्तींनी विनोदी दृष्टान्त देऊन सांगितले आहे. हक्कत्यागाच्या मुद्द्यावर न्यायालयाचे म्हणणे असे की, नकाशे रचून फुकट वाटण्यास उत्तेजन दिल्याने प्रकाशकाने नफ्याचा हक्क सोडला असे होत नाही. उलट विनामूल्य वाटपाची अट तो हक्क राखल्याचीच खूण आहे.

निर्णय कायद्याला धरून आहे. त्यात जे नाही ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. ज्यांनी ते ३०० नकाशे रचले त्यांच्यापैकी कोणीही पक्षकार नव्हते. दोन व्यापाऱ्यांत वाद झाला, एक जिंकला, आणि रचनाकारांच्या हक्काचा विचार करण्याचा प्रसंगच आला नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार साधित कृतीच्या कर्त्यास त्याने स्वतः घातलेल्या भरीपुरता हक्क मिळतो. मात्र मूळ सामग्रीचा वापर बेकायदा असेल तितक्या भागात तो मिळत नाही. म्हणजे परवान्याने रचनाकारास काहीतरी खरोखरच दिले होते : त्याची भर कायदेशीर ठरून तिच्यावर त्याचा हक्क उत्पन्न होत होता. त्याच परवान्याने तो हक्क विकण्याची वाट मात्र बंद केली होती. त्याच्याकडून फुकट घेणारा आणि त्याच्या वतीने जणू रक्षण करणारा, या दोघांनाही त्याला विचारण्याची गरज पडली नाही.

याच सुमारास दुसरी एक अडचण उघड झाली होती. खेळाच्या कंपनीची अनुज्ञा असली तरी चाहते जेव्हा चित्रपटातील पात्रे आपल्या नकाशांत आणीत तेव्हा तिसऱ्याच हक्कधारकाचा प्रश्न निर्माण होई. १९९४ मध्ये ‘डूम’चे ‘एलियन्स’ या चित्रपटावर आधारलेले संपूर्ण रूपांतर फार गाजले आणि त्यास कोणी अडविले नाही. १९९७ मध्ये त्याच विषयावरचे ‘क्वेक’ या खेळाचे रूपांतर मात्र फॉक्स कंपनीने बंद पाडले. बदलले होते ते चित्रपट कंपनीचे जालाकडे पाहणे; कायदा तोच होता.

खरेदीचा मार्ग पुढे रुळला. ‘क्वेक’वरील ‘टीम फोर्ट्रेस’ रचणाऱ्या ऑस्ट्रेलियन तरुणांना व्हॉल्व्ह कंपनीने नोकरीत घेतले. ‘हाफ-लाइफ’वरील ‘काउंटर-स्ट्राइक’ची पहिली चाचणी आवृत्ती जून १९९९ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी, मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी, विनामूल्य प्रसिद्ध केली, २००० मध्ये तीच कृती व्हॉल्व्हने हक्क घेऊन दुकानात आणली. या घटना अधिक प्रसिद्ध आहेत, पण रचनेने त्या ‘फायनल डूम’च्याच आवृत्त्या होत.

इड संस्थेने मात्र आणखी एक पाऊल टाकले. २३ डिसेंबर १९९७ रोजी तिने ‘डूम’ची मूळ आज्ञावलीच लोकांना दिली. आरंभी ती व्यापारी उपयोगास मनाई करणाऱ्या परवान्याखाली होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये ती ग्नू सार्वजनिक परवान्याखाली आली. सामग्री या दानात नव्हती. म्हणूनच पुढे चाहत्यांना ‘फ्रीडूम’ हा प्रकल्प काढून सर्व चित्रे, ध्वनी आणि नकाशे नव्याने रचावे लागले. १९९३ मध्ये सोयीसाठी केलेली आज्ञावली आणि सामग्री यांची फारकत सहा वर्षांनी दोन निरनिराळ्या कायदेशीर स्थितींत परिणत झाली. त्या २३ घटकांची यादी, नोंदणी करा ही सूचना आणि बदललेल्या खेळाविषयीचे निवेदन हे सर्व दिलेल्या आज्ञावलीत जसेच्या तसे वाचावयास मिळते. ते काढून टाकण्याचा अधिकार आता कोणासही आहे. ज्या सामग्रीच्या रक्षणासाठी ते लिहिले गेले ती आजही विकत घ्यावी लागते.